चौदा दिवस आर्क्टिकमध्ये: बर्फ, प्राणी आणि इनुइट गावं

तुमचा प्रश्न थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. तुम्ही 61, यजमान 67, दोघंही निवृत्त, राहायला ठाण्यात. पुढच्या ऑगस्टमध्ये ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरून निघून, बॅफिन उपसागर ओलांडून, कॅनडाच्या अतिउत्तरेतल्या रेझोल्यूट गावापर्यंत जाणारी 14 दिवसांची मोहीम-सफर तुम्ही बघताय. ध्रुवीय अस्वल आणि नारव्हेल, म्हणजे लांब सुळ्याचा देवमासा, नक्की दिसतील का, इनुइट गावांत गेल्यावर काय करायचं, यजमानांना बोट लागते त्याचं काय, तुमचे गुडघे दुखतात ते निभेल का, दोघं शाकाहारी आहात, आणि एवढा पैसा घालावा का, असं तुम्ही विचारलंय.

मी भूविज्ञान शिकले आणि गेले अकरा उन्हाळे अशा जहाजांवर मार्गदर्शक म्हणून काम करते. झोडियाक, म्हणजे रबरी होडी चालवायची, लोकांना किनाऱ्यावर फिरवून आणायचं, संध्याकाळी बर्फाबद्दल बोलायचं, हे माझं काम. त्या अनुभवावर सांगते की जरूर जा. बर्फासाठी जा आणि तिथल्या माणसांसाठी जा. अस्वल दिसलं तर आनंदच आहे, पण निव्वळ अस्वलासाठी एवढा खर्च करू नका.

आधी बर्फ, कारण त्याची खात्री मी देऊ शकते. तुमच्या वाटेवर इलुलिसाट आहे. इलुलिसाट या शब्दाचा अर्थच ‘हिमनग’. एक असेल तर इलुलिआक्. गावाच्या दक्षिणेला जो बर्फाचा फ्योर्ड, म्हणजे डोंगरांमधून आत शिरलेली समुद्राची अरुंद खाडी, आहे तो 2004 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. त्याच्या वरच्या टोकाला सर्मेक् कुयाल्लेक् ही हिमनदी समुद्राला मिळते. जगातल्या सगळ्यांत वेगवान हिमनद्यांपैकी ही एक. काही उन्हाळ्यांत तिचा वेग दिवसाला 40 मीटरच्या पुढे मोजला गेलाय, आणि वर्षाला 35 घन किलोमीटरहून जास्त बर्फ ती समुद्रात सोडते. एवढा बर्फ लगेच बाहेर पडत नाही. फ्योर्डच्या तोंडाशी पाण्याखाली हिमनदीनेच कधीकाळी आणून टाकलेल्या दगडमातीचा उंबरा आहे. तिथे पाणी दोन-अडीचशे मीटरच खोल आहे आणि मोठ्या हिमनगांचा तळ त्यावर टेकतो. मागून नवे येत राहतात, पुढचे अडून राहतात, आणि मग एखादा फुटून किंवा वितळून हलका झाला की उंबरा ओलांडतो. इलुलिसाटला पांढऱ्या डोंगरांची जी रांग उभी दिसते ती या उंबऱ्यामुळे.

बाहेर पडलेला हिमनग सरळ दक्षिणेला जात नाही, हे ऐकून बहुतेकांना नवल वाटतं. किनाऱ्यालगतचा प्रवाह त्याला आधी उत्तरेला नेतो, बॅफिन उपसागराला वळसा घालून कॅनडाच्या बाजूने खाली आणतो, आणि मग लॅब्राडोरच्या प्रवाहातून तो न्यूफाउंडलंडजवळ पोचतो. यात एक ते तीन वर्षं जातात. 1912 मध्ये टायटॅनिकला धडकलेला हिमनग याच किनाऱ्यावरून निघाला असावा असं मानतात. तुमचं जहाज बॅफिन उपसागर ओलांडेल तेव्हा डेकवर उभं राहून हा वळसा डोळ्यांपुढे आणा.

इलुलिसाटला झोडियाकमध्ये बसलात की चालवणाऱ्याला पाच मिनिटं इंजिन बंद करायला सांगा. आम्ही बहुतेक आपणहून करतोच. आधी काहीच ऐकू येत नाही. मग बारीक तडतड सुरू होते, गरम तेलात मोहरी पडावी तशी. बर्फात हजारो वर्षांपूर्वीची हवा दाबून अडकलेली असते, आणि बर्फ विरघळला की तिचे बुडबुडे फुटतात. त्यात मध्येच तोफ उडाल्यासारखा आवाज येतो आणि तो कुठून आला हे कळेपर्यंत थांबलेला असतो.

मोठ्या हिमनगाच्या जवळ मात्र आम्ही नेणार नाही. उंचीच्या निदान तिप्पट अंतर राखतो. तुम्हाला वाटेल, फोटोसाठी थोडं पुढे गेलं तर काय बिघडतं. एका सकाळी दहा जणांना घेऊन मी साधारण तीन मजली इमारतीएवढ्या हिमनगासमोर थांबले होते. त्याच्यावर बसलेले पक्षी एकदम उडाले. पाण्याच्या रेषेवर हिरवट निळा पट्टा होता, तो हळूहळू वर यायला लागला. म्हणजे पलीकडची बाजू खाली चालली होती. मी होडीचं तोंड हिमनगाकडे वळवलं, कारण लाट आडवी घेतली तर होडी उलटते. सबंध हिमनग कुशीवर वळला. जी बाजू वर आली ती काचेसारखी गुळगुळीत आणि निळीशार होती, आणि तिच्यावरून पाणी बराच वेळ ओघळत होतं. लाट आली, आम्ही वर-खाली झालो, कुणाला काही लागलं नाही. तेव्हा आम्ही अंतर राखून होतो, एवढंच त्याचं कारण.

आता कार्यक्रमपत्रिका. माहितीपत्रकात रोजचं गाव, रोजचा फ्योर्ड छापलेला असतो. तो बेत असतो, शब्द दिलेला नसतो. धुकं आलं, वारा वाढला, समुद्रबर्फाने वाट अडवली की कप्तान आणि मोहीम-प्रमुख सकाळी सहाला नवा बेत करतात. ग्रीनलंडमध्ये एक शब्द सारखा कानावर पडतो, ‘इम्माका’, म्हणजे ‘बहुतेक’, ‘बघू’. विमानतळावर, धक्क्यावर, दुकानात तो ऐकाल. ज्यांना ठरल्याप्रमाणेच सगळं लागतं त्यांना ही सफर त्रास देते. तुमच्या दोघांचा स्वभाव कसा आहे, याचा विचार पैशांच्या आधी करा.

प्राण्यांबद्दल स्पष्ट सांगते. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर उन्हाळ्यात ध्रुवीय अस्वल क्वचित दिसतं. शक्यता वाढते ती बॅफिन उपसागर ओलांडून लँकेस्टर खाडीत शिरल्यावर. डेव्हन बेटाचा किनारा, खाडीच्या तोंडाजवळचं बायलट बेट, असा तो पट्टा. दिसलं तरी बहुतेक वेळा अर्ध्या-पाऊण किलोमीटरवरचा पिवळसर ठिपका असतो. बर्फ पांढरा असतो आणि अस्वल सायीच्या रंगाचं, ही खूण लक्षात ठेवा. म्हणून मोठ्या लेन्सवर खर्च करण्याआधी दोघांसाठी दोन वेगळ्या दुर्बिणी घ्या, 8×42 मापाच्या पुरतात. एकच दुर्बीण असली की नेमक्या क्षणी ती दुसऱ्याच्या गळ्यात असते. किनाऱ्यावर उतरण्याआधी आमची माणसं बंदुका घेऊन आधी जातात आणि टेकड्यांवर पहारा लावतात. अस्वल दिसलं की उतरणं रद्द. त्यावर कुणी नाराज होतं, पण त्या वेळी घर त्या अस्वलाचं असतं.

नारव्हेल त्याहून दुर्मीळ. नराचा तो पिळदार ‘शिंग’ म्हणजे खरं तर वरच्या ओठातून बाहेर आलेला डावा दात. इंजिनाच्या आवाजाला हा प्राणी फार बिचकतो, त्यामुळे जहाजावरून तो नीट दिसणं कठीण. अकरा उन्हाळ्यांत मी चारदाच पोटभर पाहिलाय. इलुलिसाटजवळच्या डिस्को उपसागरात हंपबॅक देवमासे मात्र उन्हाळ्यात बऱ्यापैकी भेटतात. आणि नशीब असेल तर बोहेड. हा देवमासा दोनशे वर्षांच्या पुढे जगू शकतो. अलास्कात मारलेल्या काहींच्या चरबीत एकोणिसाव्या शतकातल्या भाल्यांची टोकं रुतलेली सापडली.

माझं स्वतःचं मन मात्र पक्ष्यांच्या कड्यांपाशी अडकतं. प्रिन्स लिओपोल्ड बेटाच्या उभ्या कड्यांवर गिलेमॉट पक्षी अरुंद कपाऱ्यांत दाटीवाटीने बसलेले असतात. ऑगस्टमध्ये त्यांची पिल्लं, उडता येत नसताना, तीन आठवड्यांची असतानाच त्या उंचीवरून समुद्रात उड्या घेतात. बाप खाली पाण्यात पिल्लाला गाठतो आणि मग दोघं पोहतच दक्षिणेची वाट धरतात. तुमच्या तारखा जुळल्या तर त्या दिवशी जेवण चुकलं तरी चालेल, डेक सोडू नका.

आता गावं. यावर जास्त लिहिते, कारण इथेच लोक चुकतात आणि जहाज कंपन्याही.

पहिली गोष्ट शब्दाची. ‘एस्किमो’ म्हणू नका. इनुइट म्हणजे ‘माणसं’, एकाला इनुक् म्हणतात. ग्रीनलंडमधले लोक स्वतःला कलाल्लित म्हणवतात आणि त्यांची भाषा कलाल्लिसुत. 2009 च्या स्वशासनापासून तीच एकमेव राजभाषा आहे. कॅनडाच्या बाजूचा नुनावुत हा प्रदेश 1 एप्रिल 1999 रोजी वेगळा झाला. तिथली भाषा इनुक्टिटुट, आणि तिची त्रिकोण-वळणांची लिपी तुम्हाला दुकानांच्या पाट्यांवर दिसेल. आभार मानायला ग्रीनलंडमध्ये ‘कुयानाक्’, नुनावुतमध्ये ‘कुयान्नामीक्’. एवढे दोन शब्द पाठ करून जा, समोरचा चेहरा खुलतो.

दुसरी गोष्ट संख्येची. सबंध ग्रीनलंडची लोकसंख्या सुमारे 57,000. इलुलिसाट तिथलं मोठं शहर, तरी सुमारे पाच हजार वस्तीचं. जहाजं ज्या वाड्यांवर थांबतात तिथे कधी शंभरसुद्धा माणसं नसतात. अशा वाडीत एका वेळी दोनशे लाल जॅकेटं उतरली तर काय होईल? मुलं घाबरत नाहीत, पण म्हाताऱ्या दारं लावून घेतात. चांगली जहाजं आधी गावाला विचारतात, लोकांना गटागटाने सोडतात, आणि गावाला मानधन देतात. तुम्ही कंपनीला नेमके हेच तीन प्रश्न विचारा, आणि चौथा: प्रत्येक गावात किती तास, आणि जहाजावर तिथली किती माणसं कामाला आहेत? या प्रश्नांना गुळमुळीत उत्तर आलं तर दुसरं जहाज बघा.

घर वापरात आहे हे विसरायला होतं, कारण कुंपणं नसतात. मांडवावर वाळत घातलेले मासे, अंगणात ताणलेलं सीलचं कातडं, दारातली लहानगी, हे प्रदर्शन नाही. फोटोआधी विचारा, आणि मान हलली नाही तर कॅमेरा खाली. साखळीला बांधलेले कुत्रे गोंडस दिसले तरी हात लावू नका. ते कामाचे, गाडी ओढणारे कुत्रे आहेत, पाळीव नाहीत. ग्रीनलंडच्या या उत्तरेकडच्या भागात दुसऱ्या जातीचा कुत्रा आणायलाही बंदी आहे.

‘काफेमिक्’ला बोलावणं आलं तर नक्की जा. वाढदिवस, बाळाचा जन्म, शाळेचा पहिला दिवस, काहीही निमित्त असतं. लोक येतात, कॉफी-केक घेतात, थोडं बसतात आणि पुढच्यांसाठी खुर्ची सोडतात. चपला-बूट दाराबाहेर काढायचे, ते तुम्हाला सांगायला नको. अशाच एका घरी आजी मत्ताक् कापत होत्या. नारव्हेलची कातडी आणि तिच्याखालची चरबी. हातात उलू, अर्धचंद्राच्या आकाराचं बायकांचं पातं, मूठ वरच्या बाजूला. विळीचं पातं सुटं करून मुठीत धरावं तसं. पातं ओढायचं नाही, पुढे-मागे झुलवायचं. इतके सारखे चौकोनी तुकडे, की मी घड्याळ विसरले. त्या कातडीत क जीवनसत्त्व असतं. जिथे भाजी उगवत नाही तिथे पिढ्यान्‌पिढ्या स्कर्व्ही का झाला नाही याचं एक कारण त्या ताटात होतं.

तुम्ही शाकाहारी आहात, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. तुम्ही ते खाणार नाही आणि कुणी आग्रहही करणार नाही. हात जोडून ‘कुयानाक्’ पुरे. पण चेहऱ्यावर किळस दिसू देऊ नका. बाहेरच्या देशांनी सीलच्या कातड्याविरुद्ध मोहिमा चालवल्या, 1983 मध्ये युरोपने पिल्लांच्या कातड्यावर बंदी घातली, आणि इनुइटांना सवलत असूनही सगळा बाजारच कोसळला. सील खाऊन त्याच्या कातड्यावर बूट-किराणा भागवणाऱ्या कुटुंबांची मिळकत गेली. ती जखम अजून दुखते. शिकारीवर मत द्यायची ती जागा नव्हे. आठवण म्हणून रेनडिअरच्या शिंगात कोरलेला ‘तुपिलाक्’, म्हणजे छोटी मूर्ती, घ्या, मण्यांचं काम घ्या. नारव्हेलचा दात, अस्वलाचं कातडं, वॉलरसचा सुळा, सीलच्या वस्तू यांना हात लावू नका, सीमेवर अडकाल.

कॅनडाच्या बाजूला मित्तिमातालिक् लागेल, नकाशावर पाँड इनलेट. तिथे सभागृहात गाणी, ढोल आणि दोन बायका समोरासमोर उभ्या राहून गळ्यातून काढतात ते ‘कातायाक्’ हे श्वासाचं गाणं ऐकायला मिळतं. जी आधी हसते ती हरते. इनुइट ढोलनृत्याला 2021 मध्ये युनेस्कोने मान्यता दिली. कार्यक्रम संपला की लगेच बाहेर पळू नका. खुर्च्या उचलायला मदत करा. बोलणं तिथेच सुरू होतं.

आणि तुमच्या वाटेत ऑयुइत्तुक्, म्हणजे ग्रीस फियॉर्ड असेल तर तिथला पुतळा शांतपणे बघा. 1953 आणि 1955 मध्ये कॅनडाच्या सरकारने क्युबेकच्या उत्तरेतल्या इनुक्युआकहून इनुइट कुटुंबं उचलून सुमारे 2,000 किलोमीटर उत्तरेला, ग्रीस फियॉर्ड आणि रेझोल्यूटला आणून सोडली. शिकार चांगली मिळेल, दोन वर्षांत नको वाटलं तर परत आणू, असं सांगितलं होतं. परत आणलं नाही. कुटुंबं दोन ठिकाणी विभागली जाणार हेही त्यांना जहाजावर चढल्यानंतरच कळलं. महिनोन्‌महिने सूर्य उगवत नाही अशी रात्र त्यांनी पूर्वी पाहिली नव्हती. सरकारने माफी मागितली ती 2010 च्या ऑगस्टमध्ये. ग्रीस फियॉर्डला लूटी पियामिनी यांनी घडवलेली बाई आहे, बरोबर मुलगा आणि कुत्रा, आणि ती रेझोल्यूटकडे बघते. रेझोल्यूटला सिमिओनी आमागोआलिक यांनी घडवलेला पुरुष एकटा उभा आहे, ग्रीस फियॉर्डकडे तोंड करून. मधे शेकडो किलोमीटर पाणी आणि बर्फ. तुमचं जहाज रेझोल्यूटला संपतं, म्हणजे निदान एक पुतळा तुम्हाला भेटू शकतो. विमानाआधी तासभर मिळाला तर मार्गदर्शकाला तिथे न्यायला सांगा.

बीची बेटावर सगळेच थांबतात. आर्क्टिकमधून पलीकडे जायची सागरी वाट शोधायला निघालेल्या ब्रिटिश नौदलाच्या जॉन फ्रँकलिनच्या 1845 च्या मोहिमेतल्या तीन माणसांच्या कबरी तिथे आहेत, 1846 सालच्या. 129 माणसं गेली, एकही परतला नाही. त्यांचं बुडालेलं ‘एरेबस’ जहाज 2014 मध्ये सापडलं, ‘टेरर’ 2016 मध्ये. जहाजं कुठे गेली याच्या हकिकती इनुइट घरांत दीडशेहून जास्त वर्षं सांगितल्या जात होत्या. ‘टेरर’ची शेवटची खूण तर जोआ हेवन या इनुइट गावच्या सॅमी कोग्विक यांनी दिली. म्हणून म्हणते, गावात वेळ काढा.

जहाज निवडताना दोनशेच्या आतल्या प्रवासीसंख्येचं बघा. पाचशेवाल्या जहाजात केबिन मोठी मिळेल, पण उतरायची पाळी यायला दुपार होईल. किमतीचं म्हणाल तर माणशी आठ-दहा लाखांच्या खाली धड काही मिळत नाही आणि वर मर्यादा नाही. हे जड वाटत असेल तर सरळ विमानाने इलुलिसाटला जाऊन पाच-सहा दिवस राहा आणि स्थानिक होड्यांनी फिरा. कॅनडा आणि पक्ष्यांचे कडे हुकतील, पण बर्फ तोच, आणि पैसाही गावातच राहतो. केवळ महागडी केबिन परवडावी म्हणून दिवस कमी करू नका. स्वस्त केबिन घ्या आणि दिवस वाढवा.

बोट लागण्याचं: फ्योर्डमध्ये पाणी बहुधा शांत असतं. दीड-दोन दिवसांचा बॅफिन उपसागर तेवढा हलवतो. जहाजाच्या मधली, खालच्या मजल्यावरची केबिन घ्या, आणि गोळी लाट सुरू व्हायच्या आधी घ्यायची. कोणती, ते यजमानांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारा. शाकाहाराची अडचण जहाजावर होत नाही, फक्त आरक्षणाच्या वेळीच लेखी कळवा आणि अंडं चालतं की नाही हे स्पष्ट लिहा. लसणीची चटणी आणि मेतकूट बरोबर असू द्या, सीलबंद, आणि कॅनडात उतरताना जाहीर करा.

विमा नीट वाचा. सप्टेंबर 2023 मध्ये पूर्व ग्रीनलंडच्या अल्पेफ्योर्डमध्ये 206 जणांचं जहाज गाळात रुतलं आणि सुटायला तीन दिवस लागले. कुणालाही इजा झाली नाही, पण तिथे मदत किती लांबून येते ते जगाला कळलं. हवाई मार्गाने रुग्णाला हलवण्याचा खर्च विम्यात ठळक अक्षरांत असायला हवा. व्हिसाचं तर अजूनच: ग्रीनलंड डेन्मार्कच्या राज्यात असलं तरी शेंगेनमध्ये, म्हणजे युरोपच्या सामायिक व्हिसाच्या क्षेत्रात, नाही. डेन्मार्कच्या व्हिसावर ‘ग्रीनलंडसाठी वैध’ असा स्पष्ट शेरा लागतो, नाहीतर विमानतळावरूनच परत. कॅनडाचा व्हिसा वेगळा. ऑगस्टला जायचं तर दोन्हींची तयारी जानेवारीतच सुरू करा.

राहिले गुडघे. तुम्हाला डोंगर चढायचा नसतो. रोज दोनदा जहाजाच्या बाजूचा हलता जिना उतरून झोडियाकमध्ये पाऊल टाकायचं असतं, आणि किनाऱ्यावर गमबुटांत घोटाभर पाण्यात उतरायचं असतं. खलाशी तुमचं मनगट धरतो, तुम्हीही त्याचं मनगट धरायचं, बोटं नव्हे. पकड ओली असली तरी सुटत नाही. टुंड्रा गादीसारखी मऊ आणि खड्ड्यांची असते, म्हणून रबरी टोकाच्या दोन काठ्या आणा आणि सगळ्यांत सावकाश चालणाऱ्या गटात या. तो गट बहुतेक वेळा मीच घेते. वाकून बघायला सगळ्यांत जास्त वेळ त्याच गटाला मिळतो, आणि करंगळीएवढ्या उंचीचं, कित्येक वर्षं जगलेलं आर्क्टिक विलोचं झाड वाकल्याशिवाय दिसत नाही. तोवर घरचा जिना रोज दोनदा, कठड्याला न धरता उतरायची सवय करा. फिजिओथेरपिस्टला मात्र आधी विचारा.